लाल पडलेल्या जुन्या फोटोचे रंग: गिम्प सॉफ्टवेअरमध्ये लाल चॅनेल ताणला की दाणे येतात, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इंदूरहून लिहितोय. घरात इथल्या होळकरांच्या राजवाड्यासमोर काढलेला एक रंगीत फोटो आहे, वाड्याला १९८४ मध्ये आग लागली त्याच्या आधीचा. आजी-आजोबा, आई, आत्या, सगळे नटूनथटून उभे. अल्बम कायम कपाटात, ऊन कधी लागलं नाही, तरी अख्खा फोटो विटकरी झालाय. त्या काळच्या बऱ्याच कलर प्रिंटमधलं सायन (हिरवट निळं) रंगद्रव्य अंधारातही विरतं आणि मॅजेंटा (जांभळट गुलाबी), पिवळं मागे उरतं, एवढं वाचून कळलं.

गिम्प २.१० मध्ये लेव्हल्स (काळं-पांढरं टोक सरकवायचं साधन) उघडून लाल, हिरवा, निळा असे तिन्ही चॅनेल वेगवेगळे घेतले. लाल चॅनेलचा हिस्टोग्राम (छटांचा आलेख) सगळा उजवीकडे, उजळ बाजूला दाटलेला, म्हणून काळं टोक डेटा सुरू होतो तिथवर ओढलं. आजोबांची टोपी आणि धोतर झकास पांढरं झालं. पण चेहऱ्यांची उजेडातली बाजू गुलाबी आणि सावलीतली हिरवट दिसते. गडद भागात दाणे आणि पट्टे आलेत ते वेगळेच.

राजवाड्याचा रंग प्रमाण धरावा म्हटलं, खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. पण नंतर डागडुजी, रंगरंगोटी झालेली, आजच्या फोटोशी जुळवण्यात अर्थ नाही.

स्कॅन दुकानातून केलेला, जेपेग. फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये असा बसलाय की ओढला तर फाटेल. पुढे काय करू?

प्रतिसाद १

आधी स्कॅन बदला, बाकी सगळं नंतर. जेपेगमध्ये प्रत्येक चॅनेलला उजेडाच्या २५६ च पायऱ्या. तुमचा लाल त्यातल्या समजा शंभरेक पायऱ्यांत कोंबलेला असेल, तर ताणल्यावर मधे फटी पडणारच. तेच तुमचे पट्टे. १६ बिट टिफ (कितीतरी जास्त पायऱ्या ठेवणारी फाइल) घ्या, ६०० डीपीआय पुरे. स्कॅनरचं ऑटो कलर बंद ठेवायला सांगा, नाहीतर तो आपलीच अक्कल चालवतो. फोटो सोडवू नका, वरचं प्लास्टिक अलगद उचलून पान तसंच काचेवर ठेवा.

चेहऱ्यांचं काम लेव्हल्सच्या टोकांनी होणार नाही, कारण रंगद्रव्य गडद आणि उजळ भागांत सारखं उडत नाही. कर्व्ह्ज घ्या, त्यात गडद, मधल्या, उजळ छटा वेगवेगळ्या हलवता येतात. काळ्या केसांत हिरवट झाक असेल तर हिरव्याचा कर्व्ह खालच्या बाजूला किंचित दाबा. मधल्या छटांसाठी दगडी जोतं किंवा रस्ता, जे करडं असायला हवं ते पकडा. गालांवरून शेवटी तपासा, सुरुवात तिथून नको. दाणे उरलेच तर फक्त लाल चॅनेल मऊ करा, तिन्ही केले तर चेहरे मेणाचे दिसतात.

धागाकर्ता

धन्यवाद! केसांवरून हिरवट झाक बरीच गेली. आता अडलंय आईच्या साडीवर. आई म्हणते रामा, आत्या म्हणते मोरपंखी, आणि पडद्यावर ती मातकट.

प्रतिसाद १

दोन्हींत सायन सगळ्यात जास्त, म्हणून तिथलंच सगळ्यात जास्त गेलं. ते ताणून परत येणार नाही. साडीवर वेगळा लेयर, रंग साडीबाहेर जाऊ नये म्हणून मास्क, आणि लेयरचा मोड एचएसएल कलर ठेवून रंग भरा. घड्या खालच्याच राहतील. कोणता रंग, ते मात्र त्या दोघींनाच ठरवू द्या.

धागाकर्ता

करतो. रामबाग किंवा राजवाड्याच्या आसपास १६ बिट टिफ स्कॅन करून देणारं कुणी माहीत आहे का? मी विचारलं तिथे "भैया, जेपीजी में ही मिलेगा" एवढंच उत्तर मिळालं.