फायब्रॉइड, हिमोग्लोबिन ८.९ : डब्यात काय नेऊ?

वय ४२, शाकाहारी, अंडंही नाही. गर्भाशयात दोन गाठी आहेत, मोठी साडेचार सेंमीची. पाळीत रक्तस्राव खूप होतो, म्हणून हिमोग्लोबिन ८.९ वर आलंय. डॉक्टरांनी तूर्त ऑपरेशन नको म्हटलंय, सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. थायरॉईड, शुगर नॉर्मल. खाण्याने गाठी विरघळत नाहीत हे माहीत आहे, त्यामुळे काढे कृपया सुचवू नका.

लोहाच्या गोळीने बद्धकोष्ठ झालंय, डॉक्टरांनी ती बदलूनही दिली. जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकललाय (हे सगळ्यात अवघड गेलं!). आमटी लोखंडी कढईत आमसूल घालून करते. ती इतकी काळी होते की मुलगा ताटात घेत नाही. अळिवाचे लाडू चालतात, पण रोज गूळ-तूप नको, वजन वाढतंय. मटकी-चवळीच्या उसळीने पोट गच्च फुगतं, त्यात गाठींमुळे ओटीपोट आधीच जड.

सकाळी ६.४० ची लोकल असते, ऑफिसात डबा गरम करायची सोय नाही. लोह मिळेल, पोट साफ राहील, गॅस होणार नाही आणि गारही खाता येईल असं तुम्ही डब्यात काय नेता? आणि मोड आलेलं कडधान्य नीट शिजवून घेतलं तर कोणाला कमी बाधलंय का?