लाक बायकांचा रुमाल: थोडी भर

कोणीतरी लिहिलंय की रशियाच्या कॉकेशस डोंगराळ भागातल्या दागेस्तानात राहणाऱ्या लाक जमातीच्या बायकांचा रुमाल म्हणजे निव्वळ हिजाब. अर्धंच खरं आहे ते. लाक सुन्नी मुसलमान आहेत, पण त्यांचा जुना शिरोवेश नुसत्या रुमालाचा नव्हता. आत असायचा चुख्ता: कपाळाशी घट्ट बसणारी टोपी आणि मागे पाठीवर लोंबणारी कापडी पिशवी, वेण्या त्यात. रुमाल त्याच्यावरून. दागेस्तानातल्याच अवार आणि दार्गिन या दुसऱ्या जमातींच्या बायकाही चुख्ता वापरत, त्यामुळे त्याला एकट्या लाकांचा म्हणता येणार नाही.

मला खरी गंमत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. कॉकेशसमध्ये हातघाईवर आलेल्या पुरुषांमध्ये बाईने डोक्यावरचा रुमाल काढून मध्ये फेकला, की हत्यारं खाली ठेवायची असा रिवाज होता. तो ओलांडून पुढे जाणं म्हणजे तिचा अपमान. म्हणजे जो रुमाल काढणं एरवी लाजिरवाणं, तोच काढल्यावर भांडण मिटायचं! आणि हा रिवाज डोंगरातल्या ख्रिस्ती जॉर्जियनांतही होता. मग याला एकट्या धर्माच्या खात्यात कसं टाकायचं?

(दागेस्तानातल्याच कुबाची गावचा भरतकाम केलेला पांढरा रुमाल, ‘काझ’, मात्र लाकांचा नव्हे. फोटोंखाली हा घोळ फार दिसतो.)