मदत हवी आहे : सामाईक संकल्पना फळ्यावरच राहतात, मुलांच्या विचारात उतरत नाहीत

नमस्कार मंडळी,

सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या काही शिक्षकांसोबत मी काम करते. त्यांच्या तासाला मागे बसायचं, मग एकत्र बसून तो पाठ पुन्हा बांधायचा, असं कामाचं स्वरूप. यंदा आम्ही क्रॉसकटिंग कन्सेप्ट्स हाती घेतल्या. म्हणजे विज्ञानाच्या वेगवेगळ्या विषयांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या कल्पना; आमच्यात त्यांना सामाईक संकल्पना म्हणतो. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या २०१२ च्या आराखड्यात अशा सात आहेत : आकृतिबंध, कार्यकारणभाव, प्रमाण आणि परिमाण, व्यवस्था आणि तिचं प्रारूप, द्रव्य आणि ऊर्जा, रचना आणि कार्य, स्थैर्य आणि बदल. मला ही कल्पना मनापासून पटली आहे. धडे सुटे सुटे नसतात, हे मुलांना यातून खरंच कळू शकतं.

पण वर्गात काय होतंय ते सांगते. परवा प्रकाशसंश्लेषणाचा तास पाहिला. बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखून 'द्रव्य आणि ऊर्जा' लिहिलं. पुढे तासभर त्या चौकटीकडे कुणी फिरकलं नाही. हरितद्रव्य, पर्णरंध्रं, समीकरण, सगळं नीट शिकवून झालं. शेवटी बाईंनी विचारलं, "आज कोणती संकल्पना वापरली?" वर्ग एका सुरात, "द्रव्य आणि ऊर्जा!"

बाईंना विचारून मी एक प्रश्न टाकला : "हा बाक ज्या लाकडाचा आहे, त्या लाकडाचं वजन आलं कुठून?" बहुतेक हात मातीच्या बाजूने वर गेले. फळ्यावरचा कार्बन डायऑक्साइड अजून पुसलाही नव्हता.

दोष बाईंचा नाही. पाठ टाचणात आम्हीच एक रकाना वाढवून दिला आणि त्यांनी तो प्रामाणिकपणे भरला. आता विचारायचं ते असं : संकल्पनेचं नाव मुलांना आधी सांगायचं की नाही? एका पाठात किती घ्यायच्या? आणि मुलांना ती वापरता येते का, हे तपासायचं कसं?

प्रतिसाद १

रकाना काढून टाका आणि त्या जागी एक प्रश्न लिहायला सांगा. संकल्पना म्हणजे प्रश्न विचारायची सवय. 'द्रव्य आणि ऊर्जा' म्हणजे जमाखर्च : आत काय आलं, बाहेर काय गेलं, बाकी कुठे आहे? समीकरणाच्या आधी सतराव्या शतकातला शास्त्रज्ञ व्हान हेलमाँट याचा प्रयोग सांगा. सुमारे ९० किलो कोरड्या मातीत त्याने सव्वादोन किलोंचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं सुमारे ७७ किलोंचं, माती घटली जेमतेम ५७ ग्रॅम. हा हिशेब त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापला गेला. इथे थांबायचं आणि मुलांना जमाखर्च मांडू द्यायचा. "मग सगळं पाण्यातून आलं" असं मुलं म्हणतील. हेलमाँटही तेच म्हणाला होता! हवा त्याच्या हिशेबात आलीच नाही. ती मुलांनी शोधून काढली की कार्बन डायऑक्साइड पाठ करावा लागत नाही.

नाव शेवटी द्या, तेही दोनतीन धड्यांत तोच प्रश्न येऊन गेल्यावर.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, फक्त सातही एका वर्षात नकोत. माझ्या मते दोन पुरेत, पण त्या वर्षभर परत परत यायला हव्यात. आम्ही 'प्रमाण' घेतलं. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर, घनफळ १ घन सेंटिमीटर. बाजू दुप्पट केली की पृष्ठफळ २४, घनफळ ८. म्हणजे आकार वाढला, पण प्रत्येक घन सेंटिमीटरच्या वाट्याचा पृष्ठभाग निम्मा झाला. हे मुलांनी मातीचे ठोकळे करून स्वतः मोजलं. त्यानंतर कुटलेला बर्फ लवकर का वितळतो, फुप्फुसात एवढे वायुकोश का, मुळांना केस का, हे धडे आले तेव्हा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, हे ठोकळ्यांसारखंच आहे." तपासायचं ते हेच. परीक्षेत नाव विचारू नका, न शिकवलेला प्रसंग द्या.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार. काल बाईंसोबत बसून गंजण्याचा पाठ जमाखर्चाने बांधला : गंजल्यावर लोखंडी खिळ्याचं वजन वाढेल की घटेल, हा पहिला प्रश्न. बाईंनी स्वतःच तो उलटसुलट फिरवला आणि आधी मुलांचे अंदाज वहीत लिहून घ्यायचं ठरवलं. रकाना आजच काढला.

ध्वनीच्या धड्याला मात्र अडलोय. इथे जमाखर्च ऊर्जेचा, पण मुलांना वाटतं बोलणाऱ्याच्या तोंडातली हवाच कानापर्यंत जाते. हवा जागच्या जागी हलते आणि ऊर्जा पुढे जाते, हे मुलांनीच शोधावं असा पहिला प्रश्न कुणाला सुचतोय का? मंगळवारी तास आहे.