शायेनचा अपघात: दोष मुलीचा नव्हता

शायेनच्या विमान अपघाताबद्दल ‘सात वर्षांच्या मुलीच्या हाती विमान दिल्यावर दुसरे काय होणार’ असे म्हटले जाते. एप्रिल 1996 मध्ये अमेरिकेतील शायेन येथे उड्डाण करताच कोसळलेल्या जेसिका डुब्रॉफ या अमेरिका ओलांडण्याचा विक्रम करू पाहणाऱ्या मुलीच्या छोट्या सेस्ना विमानाबद्दलचा हा समज सार्वत्रिक असला, तरी अधिकृत चौकशीत ठपका ठेवला गेला तो तिच्यावर नव्हे, तर शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाच्या निर्णयावर. वादळ जवळ येत असताना आणि पाऊस सुरू असताना, मर्यादेपेक्षा सुमारे 96 पौंड जास्त वजनाचे विमान त्यांनी हवेत नेले.

फारसा चर्चेत न येणारा मुद्दा उंचीचा आहे. शायेनचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे, तर हे प्रशिक्षक कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उड्डाणे करणारे. विरळ हवेत साध्या इंजिनाची शक्ती बरीच घटते. शिवाय वेगदर्शकाचा काटा नेहमीच्याच आकड्यावर असला, तरी जमीन मात्र अधिक वेगाने मागे सरकताना दिसते. त्यातच वळल्यावर वारा पाठीमागून आला, की नुसत्या नजरेवर विसंबणाऱ्याला वेग पुरेसा असल्याचा भास होतो, आणि प्रत्यक्षात पंख उचल गमावण्याच्या बेतात असतात. विक्रमाचे आखीव वेळापत्रक आणि प्रसारमाध्यमांना दिलेल्या वेळा यांचाही अहवालात स्पष्ट उल्लेख आहे, ही बाब मला तरी मुलीच्या वयापेक्षा अधिक गंभीर वाटते.