दुपट्याला जुनं लुगडंच बरं
बाळाच्या दुपट्याला नवंकोरं कापडच घ्यावं, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. नव्या कापडाला खळ असते, पहिल्याच धुण्यात ते आटतं आणि टाक्यांमध्ये चुण्या पडतात. आई धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती नऊवारीच घ्यायची. विरलेला भाग आतल्या थरात, काठ चारी कडांना. आधी लांब कच्चे टाके, मग कडेपासून चौकोनात फिरत मध्यापर्यंत धावदोरा.

दोऱ्याच्या गाठींबद्दलही सांगते. गाठ वर ठेवायची नाही, सुई ओढून ती दोन थरांच्या मध्ये घ्यायची. बाळाची कातडी फार नाजूक असते, एवढीशी गाठही रुतते. नातवंडांची सगळी दुपटी मी अशीच शिवली. धाकट्या लेकीने तर बाळंतपणाआधी माझी जुनी इरकल स्वतःहून मागून घेतली.