मदत हवी आहे: वडिलांची जीभ काळी पडली आहे (नाशिक)

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचून जाते, आज विचारायला आले आहे.

माझे वडील, वय ६९, सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त. मंगळवारी सकाळी बेसिनच्या आरशासमोर जीभ बाहेर काढून उभे होते. हाक मारली तर जीभ तशीच ठेवून माझ्याकडे वळले. आधी हसू आलं आणि मग पोटात गोळा. जिभेचा मधला पट्टा काळपट तपकिरी, घशाकडे तर जवळजवळ काळा. कडा आणि शेंडा मात्र गुलाबी. बॅटरी मारून जवळून पाहिलं तर नुसता रंग लागल्यासारखं दिसत नाही. बारीक लव आहे, ओल्या गालिच्यासारखी, एका अंगाला पडलेली. त्यांना दुखत नाही, फक्त 'तोंडाला चव नाही' आणि गिळताना टाळूला काहीतरी हुळहुळतं म्हणतात.

मागची हकीकत अशी. डिसेंबरच्या थंडीत छातीत कफ झाला, ७ दिवस अँटिबायोटिक घेतलं. जानेवारीत दोन दाढा काढल्या. तेव्हा चूळ भरायला एक औषध दिलं होतं, एका आठवड्यापुरतं. बाबांनी ते दीड महिना चालवलं, कारण 'बाटली अर्धी टाकायची असते का?' (ती संपल्यावर दुसरीही आणली, हे मला काल कळलं.) दाढांमुळे खाणं म्हणजे पेज, मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी. चहा दिवसाला ६-७ कप, बिनसाखरेचा. मधुमेह १२ वर्षांचा, गोळ्या चालू. तंबाखू होती, चुना लावून गालात धरायचे, पण निवृत्त झाल्यावर सोडली. त्याला ११ वर्षं झाली.

घरात प्रत्येकाचं निदान तयार आहे. शेजारच्या काकू म्हणतात पोट साफ नाही, एरंडेल द्या. व्हॉट्सॲपवर आलंय की काळी जीभ म्हणजे किडनी. आत्याने फोनवर एकदम 'कॅन्सर' हा शब्द उच्चारला आणि मग स्वतःच रडली. बाबांचं वेगळंच. 'आता मी काळजिभ्या झालो, माझ्याशी जपून बोला, म्हणेन ते खरं होईल.'

हे गंभीर आहे का? दाखवायचं कुणाला, फॅमिली डॉक्टर, दातांचे की कान-नाक-घशाचे? त्यांनी चमच्याच्या कडेने खरवडून पाहिलं तर थोडं रक्त आलं. घरी काही करण्यासारखं आहे का?

कडूकारलं

ताई, काळी द्राक्षं खाल्ली असतील हो. फेब्रुवारी आहे आणि तुम्ही नाशिककर!
थट्टा सोडा. पित्तासाठी बिस्मथ असलेलं काही घेतलं का? त्याची लाळेतल्या गंधकाशी गाठ पडली की जीभ काळी होते, औषध थांबवलं की जाते. माझी झाली होती, बायको दोन दिवस माझ्याशी लांबूनच बोलत होती. लोहाच्या पातळ औषधानेही डाग पडतात.

गोदाकाठची

द्राक्षं शुगरमुळे आम्ही लपवून ठेवतो. बिस्मथ नाही, लोह नाही.

दंतकथा

मी दातांचा डॉक्टर आहे, नाशिकचा नाही. फोटोवरून किंवा वर्णनावरून पक्कं निदान करता येत नाही हे आधीच सांगतो. पण तुम्ही 'लव' हा शब्द वापरलात, तो नेमका आहे.

जिभेच्या पाठीवर धाग्यासारखे बारीक उंचवटे असतात. चव घेणं हे त्यांचं काम नाही, ते जिभेला खरखरीतपणा देतात. त्यांच्या टोकाला केराटिन असतं, म्हणजे केस-नखं ज्याची बनतात तेच. ही टोकं रोज थोडी थोडी झिजतात. भाकरी, काकडी, चणे चावताना ती घासली जातात. खाणं मऊ झालं की घासणं थांबतं. मग एरवी मिलिमीटरभर असणारे हे धागे ३ मिलिमीटरच्या वर जातात, कधी सेंटिमीटरच्याही पुढे. त्या जंगलात चहाचा रंग, अन्नाचे कण आणि रंग तयार करणारे जिवाणू अडकतात. याला काळी केसाळ जीभ म्हणतात. नाव भयानक आहे, प्रकार तसा निरुपद्रवी. ना कॅन्सर, ना किडनी.

तुमच्या वडिलांनी तर यादीतलं जवळजवळ सगळंच केलंय: अँटिबायोटिक, मऊ आहार, कोरडं तोंड (कफात तोंडाने श्वास घेत असणार), भरपूर चहा आणि ते चुळीचं औषध. त्यावर क्लोरहेक्सिडीन लिहिलंय का बघा. ते कामाचं आहे, पण आठवड्यांमागून आठवडे वापरलं तर दात-जीभ तपकिरी करतं आणि चवही घालवतं. आधी ते बंद.

मऊ ब्रशने दिवसातून दोनदा मागून पुढे हलक्या हाताने, पाणी जास्त, चहा निम्म्यावर. चमचा नको. रक्त आलं म्हणजे जास्त खरवडलं गेलं.

आता महत्त्वाचं. मधुमेह आणि अँटिबायोटिक एकत्र असलं की तोंडात कॅन्डिडा ही बुरशीही येऊ शकते. ती पांढरी, दह्याच्या साक्यासारखी, पुसली की निघते आणि खाली लालबुंद दिसतं. तिला बुरशीचं औषध लागतं, घासून भागत नाही. म्हणून एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवाच. आणि फक्त जीभ नाही, गाल, हिरड्या, जिभेखालचा भाग, सगळं बघायला सांगा. तंबाखू गालात धरणाऱ्याचं तोंड तपासताना मी जिभेकडे शेवटी बघतो.

ताम्रपट

काकूंचं अगदीच चुकीचं नाही. आयुर्वेदात जिभेवरचा लेप हे आमाचं, म्हणजे नीट न पचलेल्या अन्नाचं, लक्षण मानतात. लिंबू, मीठ आणि सोडा एकत्र करून चोळा, तीन दिवसांत जीभ लख्ख. आणि भांडी बाजारातून तांब्याची पट्टी आणा.

दंतकथा

पट्टीला माझी हरकत नाही. चरकानेही सोनं, रुपं, तांबं यांची जीभ घासणी सांगितली आहे, पण ती बोथट आणि वाकडी असावी असंही सांगितलंय, तेवढं लोक विसरतात. लिंबू-मीठ-सोडा मात्र नको. खरवडून रक्त आलेल्या जिभेवर लिंबू चोळणं म्हणजे जखमेवर शब्दशः मीठ. कुणी हायड्रोजन पेरॉक्साइड सुचवेल, तेही नको. केसाळ जिभेच्या कारणांत त्याचंच नाव आहे.

सिन्नरची_सून

माझी जीभ काळी नव्हती, पांढरी होती, दह्याची कवडी लावल्यासारखी. दम्याचा पंप घेते. पंपानंतर चूळ भरून थुंकायची असते हे मला ४ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. बुरशीचं औषध लावलं, चूळ भरायला लागले, परत झालं नाही. काका पंप घेतात का?

निवांत_नाना

उलट प्रकार. माझी जीभ गुळगुळीत, लाल, तिखट लागलं की आग. मीपण मधुमेहाचा, मेटफॉर्मिन बरीच वर्षं, त्यात शाकाहारी. बी १२ तपासलं तर तळाला गेलेलं. इंजेक्शनं घेतली. मिसळ परत खाता येते, नाशिकला आलो की तर्रीसकट.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार. पंप नाही. बाटलीवर क्लोरहेक्सिडीनच लिहिलंय, ती कपाटाच्या वर ठेवली आहे (टाकून दिली असती तर घरात महाभारत झालं असतं). उद्या पंचवटीतल्या डेंटल कॉलेजला नेते.

गोदाकाठची

जाऊन आलो. जरा लांबलचक लिहिते.

केसपेपर, रांग, मग खुर्ची. तपासणाऱ्या मॅडमनी जीभ पाहिली आणि विद्यार्थ्यांना बोलावलं. सात-आठ पोरंपोरी भोवती, प्रत्येकाने वाकून पाहिलं, एकाने मापपट्टी लावली. बाबा एवढे खूश मी त्यांच्या निरोपसमारंभातही पाहिले नव्हते. जीभ बाहेर ठेवूनच ते काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते. निदान दंतकथा यांनी सांगितलं तेच. बुरशी नाही. औषधही काही दिलं नाही, ब्रश, पाणी आणि 'काका, आता चावून खा'.

मी पर्स उचलली होती. तेवढ्यात मॅडमनी आरशाने त्यांचा डावा गाल बाजूला केला आणि बोलणं थांबवलं. खालच्या दाढांच्या समोर, गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरा चट्टा. हरभऱ्याच्या डाळीएवढा असेल. कडा जरा जाड, रंग भिजलेल्या कागदासारखा. गॉजने पुसला, निघाला नाही. पुन्हा जोराने पुसला, नाही निघाला. त्यांनी विचारलं, 'काका, तंबाखू इथेच धरता का?'

'धरायचात का' नाही, 'धरता का'. बाबांनी त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

परतताना रिक्षात, होळकर पुलावर, गंगेकडे तोंड करून म्हणाले, 'दिवसातून दोनदाच. गोदापार्कला फिरायला जातो तेव्हा.' ११ वर्षं आम्ही त्यांच्या फिरण्याचं कौतुक करत होतो. पाऊस असला तरी चुकवत नाहीत म्हणून पाहुण्यांना सांगत होतो.

गुरुवारी बायोप्सी आहे. मॅडम म्हणाल्या, ल्युकोप्लाकिया वाटतो, पण तुकडा तपासल्याशिवाय काही म्हणणार नाही. दंतकथा, हे कितपत वाईट?

दंतकथा

ताई, बरं झालं गेलात. 'पांढरा चट्टा, पुसून न निघणारा' एवढाच त्या शब्दाचा अर्थ. असे बहुतेक चट्टे कॅन्सर होत नाहीत. काही पुढे होतात, आणि कुठला होईल हे वरून पाहून सांगता येत नाही, म्हणून तुकडा. सुन्न करायचं इंजेक्शन, छोटा तुकडा, एखाद-दोन टाके, अर्ध्या तासात घरी. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर आधी सांगा आणि त्या दिवशीची शुगर लिहून न्या. मधुमेहात जखम भरायला वेळ लागतो.

तोंड किती उघडतं तेही घरी बघा, त्यांचीच तीन बोटं उभी आत जायला हवीत. सुपारी खाणाऱ्यांमध्ये ते कमी होत जातं, तो वेगळा आजार.

तंबाखू आजपासून बंद, 'दोनदाच' वगैरे काही नाही. ती सुटल्यावर काही चट्टे आपोआपही मावळतात. पुडीवर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो, तो सोडायला मदत करणारा सरकारी नंबर आहे, फुकट. आणि त्यांच्यावर चिडू नका. चिडलात तर पुढच्या वेळी गाल दाखवणार नाहीत.

कडूकारलं

द्राक्षांचा विनोद मागे घेतो. काकांना नमस्कार सांगा.

सिन्नरची_सून

ताई, माझे सासरे अशाच चट्ट्याचे, ६ वर्षं झाली, दर सहा महिन्यांनी दाखवतात, ठीक आहेत. आजेसासू मात्र मिश्री लावायच्या, हिरडीवरचा डाग त्यांनी कुणाला दाखवलाच नाही. बायकांचं तर कुणी तोंड उघडूनही बघत नाही. घरातल्या सगळ्यांचे गाल बघा आता.

गोदाकाठची

काल रात्री बॅटरी घेऊन सगळ्यांचे पाहिले. आईचेही. ती लाजत होती, पण उघडलं तोंड. सगळे ठीक.

जीभ सुधारतेय. बाटली बंद करून बारा दिवस झाले, लव आखूड झाली आहे, काळ्याची तपकिरी झाली. कालपासून चहाला चव लागतेय म्हणाले आणि लगेच कपांची संख्या वाढवायला बघत होते. तंबाखूची पुडी स्वेटरच्या खिशातून स्वतः काढून दिली. माझ्याकडे नाही, आईकडे. फिरायला आता आई सोबत जाते, ते त्यांना तंबाखू सोडण्यापेक्षा अवघड जातंय.

आत्याचा पुन्हा फोन आला होता. बाबांनीच घेतला. 'मी काळजिभ्या ना? मग ऐक, काही निघणार नाही,' असं तिला सांगून ठेवून दिला. मग बराच वेळ फोन हातात धरूनच बसले होते.

बायोप्सीनंतर पहिले दोन दिवस कुणी काय खायला दिलं होतं, तेवढं सांगाल का? थंड आणि मऊच लागणार ना? मऊ खिचडीचं नाव काढलं तर ताट भिरकावतील.