मदत हवी आहे: उबंटू अपग्रेड केल्यावर सुडो चालेना

नमस्कार मंडळी. सोलापुरात एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. ऑफिसच्या पीसीवर उबंटू (लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टिम) २२.०४ होतं, ते २४.०४ केलं. लॉगिन व्यवस्थित होतं, पण सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने काम करू देणारी कमांड) मारलं की 'हा युजर सुडोअर्स फाईलमध्ये नाही' एवढंच येतं, म्हणजे सुडो वापरायची परवानगीच नाही. सेटिंग्जमध्ये अनलॉक दाबलं तर थेट रूटचा (सर्वाधिकार असलेल्या मुख्य खात्याचा) पासवर्ड मागतो, आणि उबंटूत रूट मुळात लॉकच असतो.

टर्मिनलची हिस्ट्री चाळली. अपग्रेडनंतर प्रिंटर जोडायला आलेल्याने युजरमॉडला (युजरचं खातं बदलणारी कमांड) कॅपिटल जी देऊन एलपीअ‍ॅडमिन (प्रिंटर सांभाळायचा) ग्रुप लावलाय, पण सोबत 'ए' नाही. 'ए' नसला की आधीचे सगळे जादा ग्रुप उडतात, त्यात सुडोचा अधिकार देणारा सुडो ग्रुपही गेला. म्हणून मला तरी दोष अपग्रेडचा वाटत नाही.

ग्रबमधून (पीसी सुरू होतानाचा मेनू) रिकव्हरी मोड, रूट शेल, डिस्क रीड-राइट माउंट (म्हणजे तिच्यावर लिहिता येईल) आणि मग सुडो ग्रुप परत, एवढं करता येईल. पण बाकीचे ग्रुप कोणते होते? ईटीसीत (सिस्टिमच्या सेटिंग्जचं फोल्डर) ग्रुप फाईलची शेवटी डॅश असलेली जुनी प्रत असते, तिच्यावर भिस्त ठेवावी का? की त्यानंतर आणखी एखादा बदल झाला असेल तर तीही बदललेली असेल?

सगळी बिलं याच पीसीवर आहेत आणि ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरायचंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया क्रम सांगा.